मोरेल घोड्याची साक्ष

संत आन्नाचा मठ,
संत मार्काच्या सणाचा दिवस

गार्निए, माझ्या दिवंगत भावाच्या मुला,

प्रभूची शांती तुझ्या घरावर राहो, असे लिहून मी पत्राला आरंभ करते. परंतु आज त्याखाली मला कठोर गोष्टी लिहाव्या लागणार आहेत.

राजधानीहून तेल घेऊन येणारा इसम काल मठाच्या दाराशी उतरला. आमचे म्हातारे खेचर त्याचे बुधले वर ओढून आणीत असताना त्याने द्वारपालिकेला जे सांगितले, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या भगिनींच्या कानी गेले, आणि सर्वांत शेवटी माझ्या. तू वालमेरच्या राज्याचा पागाप्रमुख. राज्याच्या चाकरीत कोणा सरदाराचा घोडा जायबंदी झाला, तर तो तुझ्या पागेत जमा व्हावा आणि त्याला त्याच दिवशी दुसरा घोडा मिळावा, हा आपला घोडेबदलाचा रिवाज. या रिवाजाची किल्ली तुझ्या हाती आहे. लोक म्हणतात की तुझ्या पत्नीच्या भावाने, इझोआरने, मोरेल नावाचा आपला काळा घोडा लंगडा म्हणून तुझ्याकडे आणला, तू डोळे मिटून तो घेतलास आणि मेहुण्याला पागेतला उत्तम तांबडा घोडा दिलास. आता तोच काळा घोडा कुरणात दुडक्या चालीने धावताना दिवाण तिएरी यांनी स्वतः पाहिला. त्यांनी सरसेनापती अन्सो यांच्यापुढे फिर्याद मांडली आहे. आरोप शाबीत झाला तर तुझी पागाप्रमुखपदाची काठी जाईल आणि इझोआरला चाकरीपोटी मिळालेले गाव जाईल.

बाळ, खोटे माप परमेश्वराला वीट आणते, असे शहाणा राजा शलमोन सांगतो. माप केवळ धान्याचे नसते. ज्याच्या हाती न्याय दिला आहे, त्याचा डोळा हेसुद्धा मापच आहे. मेहुण्याच्या मायेपोटी ते माप झुकले असेल, तर फिर्यादीची सुनावणी होण्याआधी अन्सोपुढे जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तो कडक आहे, पण दुष्ट नाही. त्याची बहीण आमच्या मठाच्या आवारात चिरनिद्रा घेत आहे. दरवर्षी तो येथे येतो आणि माझ्याशी मोजकेच बोलतो. कबुली देणाऱ्याला त्याने कधी चिरडल्याचे मी ऐकलेले नाही.

तुझ्या वडिलांनी तुला माझ्याकडे अक्षरे शिकायला ठेवले होते. तू पहिले वाक्य लिहिलेस ते स्तोत्रातले होते: स्वतःचा तोटा झाला तरी जो शपथ मोडत नाही. ते आठव.

तुझी आत्या,
एशिव

•

वालमेर, पागेची कचेरी,
संत पान्क्रासच्या सणाला

पूज्य आत्याबाईंस,

आपले पत्र मैदानातल्या घोडेबाजाराहून परतल्यावर हाती आले, म्हणून उत्तराला उशीर झाला. दुसरे कारण असे की पत्र वाचून दोन दिवस मला लिहावेसे वाटले नाही. तेलवाल्याचे आपण ऐकलेत. माझे ऐकायचे राहिले, म्हणून आता सांगतो.

गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या लुटारूंनी आपल्या गावांतली गुरे नेली. त्यांच्या पाठलागावर इझोआरची तुकडी होती. नदीच्या उतारावर मोरेल दगडांत घसरला आणि मागच्या उजव्या पायाचा मोठा सांधा मुरगळला. इझोआर त्याचा लगाम धरून स्वतः पायी चालत त्याला राजधानीत घेऊन आला. पोहोचला तेव्हा त्याच्या बुटांचे तळ उरले नव्हते. सकाळी मी घोडा फरशीवर चालवून पाहिला. मागचा पाय तो टेकवीतच नव्हता.

मी म्हटले, "इझोआर, रिवाज माहीत आहे ना? दुसरा घोडा हवा तर हा इथे ठेवावा लागेल. ठेवला की तो राज्याचा."

"दाजी, मी याला शिंगरू असल्यापासून वाढवलंय. मी पायीच चाकरी करतो ना."

"पायी चाकरी करणाऱ्याला गाव नसतं. तुझ्या मुली काय खातील?"

त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही दाजी नसता तर तुमच्याशी भांडलो असतो." आणि लगाम माझ्या हाती दिला. ही माझ्या मेहुण्याची लबाडी.

आता कुरणातल्या दुडकीचे. उन्हाळा लागला तसा मोरेल सुधारला, पण अर्धाच. थंड फरशीवर बराच वेळ उभा राहिला की त्याचा सांधा आखडतो. मग पहिली पावले, विशेषतः उतारावर, तो लंगडतो, आणि घसरलाही आहे. फिरवून अंग गरम झाले की तोच घोडा राजवाड्याच्या चित्रातला वाटतो. दिवाणसाहेब कुरणात आले ते दुपारी.

"काय हो पागाप्रमुख," ते म्हणाले, "लंगड्याला पंख फुटले वाटतं?"

मी सगळे सांगितले. पहाटे येऊन पाहा, असेही म्हटले. त्यांनी मान हलवली. "पागा तुमची, मोतद्दार तुमचे. पहाटे त्याच्या खुरात एक खडा सरकवला की झालं. तुमच्या दावणीतला घोडा तुमच्या बाजूने लंगडणार नाही तर कोणाच्या?"

आत्या, त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. सरसेनापतींनीही घोडा दुपारीच पाहिला. सुनावणी अभिषेकानंतर ठेवली आहे.

आणि अभिषेक हीच खरी अडचण आहे. थोरले राजे गेल्यापासून तयारी चालली आहे. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, तरुण राजांच्या मस्तकावर तेल पडेल. समारंभाची व्यवस्था दिवाणांच्या हाती असते, आणि त्यांनी हुकूम काढला आहे की राजे मोरेलवर बसतील. तो काळा आहे, देखणा आहे, कर्ण्यांना बुजत नाही. कारण एवढेच दिले आहे. मनातले कारण सगळ्या शहराला कळते: हजारो लोकांदेखत घोडा सरळ चालला की माझे खोटे उघडे पडेल.

जाताना चढ आहे, त्याची भीती नाही. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लांब चालते. तितका वेळ घोडा चर्चच्या दारातल्या संगमरवरावर उभा राहील. मग राजे मुकुट घालून बसतील आणि राजवाड्याची उतरण लागेल. ती फरशी पायांनी झिजून काचेसारखी झाली आहे.

मी दिवाणांकडे पुन्हा गेलो. म्हटले, "माझ्यावर हवा तो आरोप ठेवा, पण राजांना दुसरा घोडा द्या. हा उतरणीवर पडेल."

"पडला तर तुम्ही निर्दोष सुटाल," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ही भीती फारच सोयीची वाटते."

ते मला फसवत नाहीत. मी खोटा आहे, अशी त्यांची प्रामाणिक खात्री आहे. म्हणून त्यांना समजावता येत नाही.

राजे एकोणीस वर्षांचे आहेत आणि घोड्यावर फारसे बरे बसत नाहीत. घोडा लंगडला तर माझी काठी आणि इझोआरचे गाव वाचेल. न लंगडावा अशी तजवीज मला करता येते, पण ती केली तर मी माझ्याच हाताने स्वतःला खोटा ठरवतो, आणि इझोआरलाही. माझे एकट्याचे असते तर आपल्याला विचारले नसते.

आपण सांगावे, मी काय करू.

गार्निए

•

संत आन्नाचा मठ,
स्वर्गारोहणापूर्वीचा रविवार

प्रिय गार्निए,

नदीला पूर आल्याने तुझे पत्र खालच्या गावात अडकून पडले होते, आणि हे पत्रही गुरुवारच्या आत तुला मिळेल असे मला वाटत नाही. तरीही लिहिते, कारण उशिरा आलेले योग्य उत्तर हे न दिलेल्या उत्तरापेक्षा बरे.

प्रथम माझे देणे फेडते. शलमोन म्हणतो, वादात जो आधी बोलतो तो खरा वाटतो. मग दुसरा येतो आणि त्याची झडती घेतो. हे वचन मी नवशिक्या भगिनींना तीस वर्षे शिकवीत आले, आणि तेलवाला आधी बोलला एवढ्यावरून तुला अपराधी मानून बसले. माझ्या वयाला आणि माझ्या वस्त्राला हे शोभले नाही. तू मला क्षमा कर.

तुझे पत्र वाचून मी लगेच तुझ्यावर विश्वास ठेवला असेही म्हणणार नाही. आप्त आपलेपणाने लिहितो, हे मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेनंतर मी अंगणात उतरले. आमचे खेचर रात्रभर फरशीवर बांधलेले असते. भगिनी ओराब्ल त्याला विहिरीकडे नेत होती, आणि ते मागचा पाय ओढीत होते. मी म्हटले, "हे आजारी आहे का गं?"

ती म्हणाली, "नाही माते, ते रोज सकाळी असंच करतं. सांधा धरतो त्याचा. विहिरीच्या दोन फेऱ्या झाल्या की विसरतं."

हे खेचर मी रोज पाहते, पण दुपारी, बुधले ओढताना. सकाळी मी स्तोत्रे पाहते.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तू पागाप्रमुख झालास तेव्हा हात जोडून शपथ घेतलीस की धन्याचे शरीर आणि धन्याची जनावरे यांचे रक्षण करीन. त्या शपथेत इझोआरच्या गावाचा उल्लेख नाही, तुझ्या काठीचाही नाही. घोडा राजाला घेऊन पडला तर सत्य उघड होईल, परंतु ते एका पोराच्या मोडलेल्या मानेवर उभे असेल, आणि तुला ठाऊक असेल की तू ते घडू दिलेस. इझोआरला हे समजावणे कठीण जाईल. त्याच्या मुलींना तर समजणारच नाही. तरीही मी दुसरे सांगू शकत नाही. तारणासाठी घोडा व्यर्थ आहे, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. तू आपले तारण त्या घोड्याच्या लंगडण्यावर टांगू नकोस.

एक गोष्ट सहज विचारते. अभिषेकानंतर राजाचा घोडा सरसेनापतीला मिळतो, हा रिवाज अजून चालतो ना? आणि अन्सो आपले घोडे अजून स्वतः पाहतो का, की वय झाल्यावर नोकरांवर सोडले आहे?

आत्या

•

वालमेर,
स्वर्गारोहणानंतरचा शनिवार

पूज्य आत्याबाईंस,

आपले पत्र काल आले. जे करायचे ते मी गुरुवारीच करून बसलो होतो, त्यामुळे ते मी निवांत वाचले. आपले माझे मत एकच पडले, एवढे समाधान आहे. दुसरे फारसे नाही.

सकाळी खासगीवाल्यांनी राजांना पोशाख चढवला. दिवाणांनी राजदंड धरला, सरसेनापतींनी निशाण. मी मोरेलचा लगाम धरून पुढे चाललो. चढावर तो छान चालला. चर्चच्या दाराशी राजे उतरले आणि सगळे आत गेले. माझी जागा आत, वेदीच्या डाव्या हाताला, जिथे माझे वडील उभे राहत. मी तिथे उभा राहिलो. आरंभीची प्रार्थना झाली. शुभवर्तमान वाचायला लागले, आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त घोड्याचा सांधा होता.

मी बाहेर आलो. दोन मोतद्दार मोरेलला संगमरवरावर पुतळ्यासारखा धरून उभे होते.

"फिरवा त्याला."

"साहेब, दिवाणांचा हुकूम आहे. घोडा दारातून हलवायचा नाही. लोकांना दिसला पाहिजे."

"घोड्यांवर हुकूम कोणाचा चालतो?"

तरीही ते हलले नाहीत. मग मी लगाम माझ्याच हाती घेतला आणि समारंभाच्या पोशाखात चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत घोडा फिरवू लागलो. अधूनमधून थांबून सांधा चोळत होतो. आत तेल लावले गेले, मुकुट ठेवला गेला, लोकांनी जयजयकार केला. मी ते भिंतीच्या या बाजूने ऐकले. एक म्हातारी भाजीवाली टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आत जा की बाबा, पुन्हा कधी बघणार? राजा काय रोज होतो?"

मी म्हटले, "मावशी, हा आखडला तर राजाच पडेल."

"मग फिरव बाबा," ती म्हणाली, आणि टोपली बाजूला घेऊन वाट दिली.

राजे बाहेर आले तेव्हा मोरेलच्या अंगावर घाम होता. उतरणीवर त्याने एकही पाऊल चुकवले नाही. राजे मात्र दोनदा खोगिराला धरून बसले. लोकांना ते दिसले नाही.

मेजवानीत दिवाणांनी पहिले ताट वाढले आणि रिवाजाप्रमाणे राजांची ताटे-वाट्या त्यांच्या घरी गेल्या. मोरेल सरसेनापतींच्या तबेल्यात गेला, आणि सरसेनापती ज्या घोड्यावर बसून आले होते तो रिवाजाने मला मिळाला. बिचारा म्हातारा आणि समजूतदार आहे. होय, अन्सो आपले घोडे अजून स्वतः पाहतात. आपण हे का विचारता, ते कळले नाही.

दिवाण भरल्या पंगतीत म्हणाले, "लंगडा घोडा कोणी पाहिला का?" लोक हसले. मग ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्सा चालू असताना तुम्ही मागे घोड्याच्या पायाशी बसला होता. मोतद्दारांनी पाहिलं. खडा घालायला गेला होता ना? जमलं नाही वाटतं."

घोडा गरम करत होतो, हे सांगणेही त्यांना सोयीचेच वाटले असते.

सुनावणी त्रैक्याच्या रविवारनंतर आहे. सरसेनापती मला सरळ भेटत नाहीत. न्याय करणाऱ्याने भेटू नये, हे बरोबरच आहे. इझोआरला मी सगळे सांगितले. तो ओरडेल असे वाटले होते. तो म्हणाला, "दाजी, मोरेल पडला असता तर त्याचा पाय मोडला असता. मग त्याला मारला असता त्यांनी." मग म्हणाला, "पण घरी तुम्हीच सांगा." मी सांगितले. गाव सोडावे लागणार म्हणून त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवसापासून भांडी गवतात बांधायला घेतली आहेत.

गार्निए

•

संत आन्नाचा मठ,
पेंटेकॉस्टनंतरचा मंगळवार

प्रिय गार्निए,

पत्र पोहोचले. तू जे केलेस ते योग्य केलेस. याहून अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही, आणि तुलाही वाचण्याची नसावी.

सुनावणीला स्वच्छ कपडे घालून जा. विचारतील तेवढेच बोल. इझोआरच्या पत्नीला सांग की भांडी बांधली ती बांधली, पण घर अजून सोडू नये. तिच्या मुलींसाठी सुकवलेले अंजीर पाठवीत आहे.

मी अन्सोलाही एक पत्र लिहिले आहे. त्याच्या बहिणीच्या थडग्यावरची फरशी हिवाळ्यात उखडली, ती बसवायची आहे. त्याविषयी.

आत्या

•

वालमेर,
त्रैक्याच्या रविवारनंतरचा गुरुवार

पूज्य आत्याबाईंस,

काल सुनावणी झाली. ती कशी झाली हे मला अजून नीट लावता येत नाही, म्हणून जसे घडले तसे लिहितो.

सरसेनापतींनी सकाळी लवकर सर्वांना बोलावले, आणि तेही दरबारात नव्हे, तर त्यांच्या वाड्याच्या फरसबंद अंगणात. दिवाण आले, चिटणीस आले, पंधरा-वीस सरदार आले. इझोआर मागे खांबाशी उभा होता. अन्सो न्यायाच्या आसनावर बसले आणि म्हणाले, "फिर्याद ऐकण्याआधी माझं स्वतःचं एक गाऱ्हाणं आहे. ते मिटवू." मग ते काठी टेकत आसनावरून उतरले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"पागाप्रमुख, माझा घोडा जायबंदी आहे. मला घोडेबदल हवा."

त्यांनी हात वर केला. त्यांच्या मोतद्दाराने तबेल्याचे कुलूप काढले आणि मोरेलला बाहेर आणले. आत्या, तो तीन पायांवर आला. चौथा पाय त्याने फरशीवर नुसता टेकवला आणि उचलला. अंगणाच्या उतारावर तो घसरला, आणि मोतद्दाराने मान धरली म्हणून सावरला.

दिवाण म्हणाले, "पागेच्या माणसांनी रात्री येऊन काहीतरी..."

"माझ्या तबेल्यात?" अन्सोंनी विचारले. "माझ्या कुलपात? किल्ली माझ्या उशाशी होती, तिएरी. मी कसा झोपतो ते तुला माहीत आहे. उंदीर आला तरी उठतो."

मी म्हटले, "दिवाणसाहेब, खूर आपणच पाहा." ते वाकले. रेशमी अंगरख्यानिशी गुडघ्यावर बसून त्यांनी चारही खूर एकेक करून उचलून पाहिले, बोटाने चाचपले. काही नव्हते. मग त्यांनी सांध्यावर हात ठेवला. घोड्याने अंग आक्रसले.

"पाहिलंस?" अन्सो म्हणाले. "आता पागाप्रमुख, माझ्या गाऱ्हाण्याचं काय?"

मला उत्तर देणे भाग होते. मी म्हटले, "सरसेनापती, आपल्याला घोडेबदल मिळणार नाही."

अंगणात कुजबूज झाली. अन्सोंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मला नाही म्हणतोस? ज्याच्यापुढे आज तुझा न्याय आहे त्याला?"

"घोडा आपल्या चाकरीत जायबंदी झालेला नाही. आपल्याकडे येण्याआधीच तो अधू होता. रिवाज असा आहे की..."

"रिवाज मला माहीत आहे. किती आधीपासून अधू होता?"

"हिवाळ्यापासून. नदीच्या उतारापासून."

"म्हणजे राजांना दिला तेव्हाही?"

"होय."

"आणि राजांसाठी तो कोणी निवडला?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते सावकाश आसनावर परत जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं गाऱ्हाणं फेटाळलं गेलं, आणि बरोबर फेटाळलं गेलं. ज्या कारणाने फेटाळलं त्याच कारणाने दिवाणांची फिर्यादही उरत नाही. कोणाला काही म्हणायचंय?"

कोणाला नव्हते. एक सरदार हसू दाबत म्हणाला, "सरसेनापती, आता या तीन पायांच्या घोड्याचं काय करणार?"

"दुपारी त्याचे पाय चार होतात," अन्सो म्हणाले. "मीही असाच आहे. जमेल आमचं."

मंडळी निघाली तरी दिवाण जागचे हलले नाहीत. ते अजून मोरेलच्या मागच्या पायाकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही चर्चच्या मागे त्याला गरम करत होता."

"होय."

"तुम्ही तो नुसता उभा ठेवला असतात, तर त्याच दिवशी निर्दोष सुटला असतात."

"होय."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं, दिवाणसाहेब."

ते अंगणाच्या पायरीवर बसले. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नाही. आज सकाळी पाथरवट राजवाड्याच्या उतरणीवर छिन्नी घेऊन बसले आहेत. खालपासून वरपर्यंत फरशीला खाचा पाडायचा दिवाणांचा हुकूम आहे.

इझोआरने मोरेल परत मागितला. अन्सो म्हणाले, रिवाजाने मिळालेले परत देता येत नाही, पण तबेल्याचे दार त्याला रविवारी उघडे असेल. इझोआर मूठभर जव घेऊन जाणार आहे. त्याच्या घरची भांडी पुन्हा फळीवर लागली आहेत.

आता मला सतावते ते सांगतो. मी अन्सोंना विचारले, "आपण घोडा रात्रभर फरशीवर बांधून ठेवलात. आपण तर आपल्या घोड्यांना नेहमी पेंढ्यावर ठेवता, आणि उजाडताच फिरवता. हे आपल्याला सुचलं कसं?"

ते म्हणाले, "दहा-बारा दिवस हा घोडा मला धडधाकटच दिसत होता. तू खोटा आहेस असंच मी धरून चाललो होतो. मग मला एका खेचराची हकीकत कळली." आणि काठी टेकत आत निघून गेले.

आत्या, ते खेचर आपल्याच विहिरीवरचे ना?

गार्निए

•

संत आन्नाचा मठ,
संत योहानाच्या सणाला

प्रिय गार्निए,

तुझे पत्र भोजनगृहात मोठ्याने वाचून दाखवले. भगिनी ओराब्ल तीन पायांच्या जागी इतकी हसली की तिला मौनाची शिक्षा द्यावी लागली. ती मी संध्याकाळी मागे घेतली.

ज्याच्यापुढे वाद चालू आहे त्या न्यायाधीशाला आप्ताने त्या वादाविषयी एक अक्षरही लिहू नये, असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मी तो मोडलेला नाही. अन्सोला मी लिहिले ते थडग्यावरच्या फरशीविषयी. तिला लागणारा दगड वर आणायचा कसा, हा प्रश्न होता. म्हणून ओघाने लिहावे लागले की आमचे खेचर रात्रभर थंड फरशीवर उभे राहिले की सकाळी तीन पायांवर चालते, उतारावर घसरते, आणि दुपारी पाहणाऱ्याला धडधाकट दिसते. करिता दगड ओढायचे काम सकाळी ठेवता येत नाही. यात तुझे नाव नव्हते, मोरेलचेही नव्हते. अन्सोने काय समजावे हे मी सांगितले नाही. त्याने जे पाहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या कुलपात. तुझे पाप मी दूरवरून, नुसते ऐकून खरे मानले होते; म्हणून या वेळी कोणालाही ऐकीव गोष्टीवर विसंबावे लागू नये, एवढीच माझी इच्छा होती.

शास्त्रातल्या बलाम नावाच्या संदेष्ट्याच्या गाढवीला देवाने वाचा दिली, तेव्हा कोठे त्या शहाण्या माणसाला वाटेत उभा असलेला देवदूत दिसला. त्याआधी त्याने तिला तीनदा मारले होते. ती कथा मी लहानपणी तुला सांगितली, तेव्हा तू विचारले होतेस की गाढवीला पुढे काय मिळाले. मला तेव्हा उत्तर आले नव्हते. पवित्र शास्त्र त्याविषयी काही बोलत नाही.

अन्सोने दगड आणि पाथरवट दोन्ही पाठवले. पत्रात एकच ओळ होती: खेचरासाठी पेंढा वेगळा पाठवीत आहे.

पेंढा फरशीवर पसरला आहे. खेचर बरे आहे. पहाटे त्याला विहिरीकडे मीच नेते, आणि आता आम्हा दोघांना कोणी घाई करीत नाही.

तुझी आत्या,
एशिव